चतुराबाईला न तुटलेलं लेकरू

माझ्या सासूबाईंबद्दल कोणी वाकडं बोललेलं मला खपत न्हाई. वाकडं बोलायचा हक्क माझा एकटीचा हाय, सतरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत मी. तेव्हा तुम्ही निस्तं ऐका, हुंकार भरा, मधी बोलू नका.

त्यांचं नाव चतुराबाई. मंठ्यापासून सहा किलोमीटरवर आमची वाडी, तिथं त्यांना सगळे ओळखतात. तशा त्या काही सरपंचीण न्हाईत की मास्तरीण न्हाईत, आजही अंगठाच उठवतात. उंचीला एवढ्याशा. पण आवाज असा की आमच्या म्हशीला हाक मारली तर शेजारच्यांची म्हैस पण उठून उभी राहते. गावात त्यांचं एक काम होतं आणि ते त्यांच्याइतकं बराबर कोणालाच जमत नव्हतं. त्या लेकरं तोडायच्या.

घाबरू नका. मी पण घाबरले होते. लग्न होऊन चार दिवस झाले होते, हळद सुद्धा उतरली नव्हती, आणि एक बाई दारात येऊन म्हणली, ‘‘चतुराबाई, माह्या पोराला तेवढं तोडून द्या की. लई तरास देऊन राह्यलाय.’’ आणि आमच्या आत्याबाई, सासूला आम्ही आत्याबाईच म्हणतो, चुलीपुढून मान सुद्धा न वळवता म्हणल्या, ‘‘उद्या येते. आज कामं पडलीत.’’ म्हणलं, आईबापानं कुठं दिलं मला?

मंग कळलं. अंगावर पिणारं लेकरू दुधापासून सोडवायचं, त्याला आमच्या वाडीत ‘तोडणं’ म्हणतात. फलाणीचं लेकरू तुटलं का, असं बाया आडावर घागरी भरता भरता विचारतात, जसं काही जवारी काढून झाली का विचारावं.

आत्याबाईंची रीत ठरलेली होती. दात येत असलेलं लेकरू तोडायचं न्हाई. ताप-खोकला असला तर तोडायचं न्हाई. आणि कोणी मिरची लावायचं नाव काढलं तर त्या बाईचीच खैर नव्हती. ‘‘मिरची काय लावती गं? लेकरू हाय का भजं?’’ म्हणायच्या. आठ दिवस आधीपासून त्या लेकराला आपल्या कडेवर घ्यायच्या. दूधभाकरीचा काला, गुळाचा खडा, मऊ भात, असं भरवून भरवून त्याला आपल्या बाजूला वळवून घ्यायच्या. मंग ठरल्या दिवशी सकाळी कडुलिंबाचा कोवळा पाला पाट्यावर वाटायचा आणि आईच्या अंगाला लावायचा. लेकरू आपलं रोजच्या ऐटीत येणार, पदरात घुसणार, तोंड लावणार, आणि मंग जे काही तोंड करणार! आत्याबाई तिथंच टपून बसलेल्या. ‘‘शीऽऽ! काऊ हागला गं बाई, काऊ हागला!’’ म्हणून टाळ्या वाजवायच्या, लेकराला उचलायच्या आणि तो मेला कावळा कुठं गेला ते शोधायला गावभर हिंडवायच्या. इकडं आईनं रडत बसू नये म्हणून तिला धुण्याचं गाठोडं देऊन नदीवर पिटाळायचं. दुधानं अंग ठणकायला लागलं तर मोगऱ्याची फुलं बांधायला सांगायचं. तीन दिवसांत काम फत्ते. चौथ्या दिवशी ती बाई खण-नारळ घेऊन यायची आणि आत्याबाई ‘‘याची काय गरज व्हती’’ म्हणत म्हणत तो बिलकुल वेळ न लावता पेटीत टाकायच्या.

चाळीस लेकरं तोडली म्हणतात. मी मोजली न्हाईत. पण आमच्या वाडीत आज ज्यांना मिशा हायेत त्यातल्या निम्म्यांनी तो पाला चाखलेला हाय.

आता माझ्या लेकराचं ऐका. ब्याण्णव साली दिवाळीच्या आगेमागे मला मुलगा झाला. नाव आत्याबाईंनीच ठेवलं, राजेभाऊ. नावाप्रमाणं तो खरंच राजासारखा वागायचा. जन्मल्यापासून तो माझ्याकडं फक्त जेवायला यायचा, बाकी सगळा मुक्काम आजीच्या कडेवर. त्याला बोलायला आजीनं शिकवलं, चालायला आजीनं शिकवलं, कुत्र्याला हाड म्हणायला आजीनं शिकवलं. आणि आणखी एक गोष्ट आजीनं शिकवली, ती म्हणजे कडू खायची.

पाडव्याला आमच्याकडं कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ, भिजवलेली डाळ न् ओवा असं वाटून सगळ्यांना एकेक गोळी देतात. लेकरं म्हशीखाली लपतात, पाण्याच्या टाकीमागं लपतात, पण गोळी घेत न्हाईत. आत्याबाईंना नातू तसा नको होता. पाच महिन्यांचा असताना त्यांनी बोटाचं टोक बुडवून त्याला चाटवलं आणि लगेच साखरेची गाठी गळ्यात घातली. दुसऱ्या पाडव्याला अर्धी गोळी, गाठी. तिसऱ्या पाडव्याला तर राजेभाऊनं वाटीच चाटून पुसून ठेवली आणि गाठीसाठी मान पुढं केली. आत्याबाईंनी ती वाटी आख्ख्या गल्लीत दाखवत नेली. ‘‘पाहा गं बायांनो, याला म्हणतेत लेकरू! कडू खाणारं लेकरू वर्षभर दुखत न्हाई!’’

त्या वाटीनंच पुढं घात केला.

झालं असं की तो तिसरा पाडवा होऊन आठ दिवस झाले असतील, मला पत्र आलं. वाडीत अंगणवाडी मंजूर झाली होती आणि सेविकेच्या जागेसाठी मी अर्ज केला होता. गावात दहावी पास सुना दोनच, एक मी आणि एक सरपंच अप्पारावांची. यादीत माझं नाव वर लागलं होतं. ट्रेनिंग जालन्याला, आठ मेपासून एक महिना, तिथंच राहायचं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की सोबत लहान मूल आणू नये, आणि हजर न राहिल्यास जागा यादीतल्या पुढच्या बाईला देण्यात येईल.

ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल, सांगता येत न्हाई. दहावीला मी तालुक्यात मुलींमधी दुसरी आल्ते. लग्न झालं आणि ती मार्कशीट ट्रंकेत साड्यांच्या खाली गेली. चार वर्षं मी शेण काढलं, भाकरी थापल्या, कापूस वेचला, त्याचं दुःख न्हाई, सगळ्याच करतात. पण मला पाटीवर अक्षर काढून दाखवायचं होतं कोणाला तरी. ही जागा गेली तर पुन्हा आमच्या वाडीत दुसरी कोणती नौकरी येणार होती? आणि इकडं हे अडीच वर्षांचं राजं दिवसातून सात वेळा पदर ओढून राह्यलं होतं.

आमच्या ह्यांना, म्हणजे रामकिसन यांना, विचारलं. ते म्हणले, ‘‘आई म्हणंल तसं.’’ ह्यांना घराला आग लागली म्हणून सांगितलं तरी हे आधी आईला विचारतील.

मला वाटलं, आत्याबाई आता मोडता घालणार. घरातली तरणी सून महिनाभर बाहेर राहायची म्हणजे काय? पण त्या पत्राकडं अशा पाहत बसल्या की जसं त्यांना वाचताच येतं. मंग म्हणल्या, ‘‘एवढंच ना? महिना पडलाय. तीन दिवसांत तोडते त्याला. गावाची तोडली, घरचं एक न्हाई तुटणार?’’

शनिवारी सकाळी पाला वाटला. मी ओट्यावर बसले. आत्याबाई दाराआड टपल्या. राजेभाऊ आले, पदर सारला, तोंड लावलं, थांबले. आत्याबाईंनी टाळीसाठी हात उचलले. राजेभाऊंनी वर माझ्या तोंडाकडं पाह्यलं, ओठावरून जीभ फिरवली आणि आनंदानं ओरडले, ‘‘पाडवा!’’

आत्याबाईंचे हात तसेच हवेत. ‘‘काऊ हागला,’’ त्या कशाबशा म्हणल्या.

‘‘न्हाई,’’ राजेभाऊ म्हणले. ‘‘पाडवा हाय.’’

मंग त्यांनी एका बाजूचा पाडवा चाटून साफ केला, दुसऱ्या बाजूचा केला, वरून पोटभर दूध प्याले, उठले, आणि आजीपुढं मान पुढं करून उभे राह्यले. ‘‘आजी, गाठी.’’

मला हसू आवरलं न्हाई. आवरायला पाहिजे होतं. ‘‘दात काय काढती?’’ आत्याबाई कडाडल्या. ‘‘तूच डोळा मारला असशील त्याला! आईचंच मन न्हाई, मंग लेकरू कशानं तुटतंय!’’ मी पण ऐकून घेणारी न्हाई. म्हणले, ‘‘आत्याबाई, वाटी मी न्हाई फिरवली गल्लीतून.’’ दोन दिवस आमच्यात बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या ताटात लोण्याचा गोळा टाकला, तेव्हा समजले की आता पुढचा डाव हाय.

पुढचा डाव म्हणजे कोरफड. राजेभाऊंनी ती पण चाटली आणि हा दुसरा पाडवा म्हणून मान्य केला. त्या दिवसापासून आमच्या घरात दुधाचं नावच पाडवा पडलं. एका लग्नात पंगत बसलेली, आणि हे कार्टं माझ्या मांडीवर उभं राहून बोंबलतंय, ‘‘आई, पाडवा पायजे! आत्ताच पायजे!’’ शेजारचं एक म्हातारं म्हणलं, ‘‘काय सणाची हौस हाय लेकराला!’’ मी मान वर केली न्हाई.

मंग आत्याबाईंनी कुंकू काढलं. माझ्या अंगाला लावलं, माझ्याकडून तोंड वाकडं करून घेतलं आणि राजेभाऊला जवळ बोलावून म्हणल्या, ‘‘पाह्य रे राजा, आईला बाऊ झालाय. रगत आलं. आता न्हाई प्यायचं, आई मरंल ना मंग.’’ पोरगं घाबरलं. खालचा ओठ बाहेर आला. मला वाटलं, जमलं. तो गुपचूप उठला, स्वयंपाकघरात गेला, मिसळणाचा डबा पाडल्याचा आवाज झाला, आणि मूठभर हळद घेऊन आला. ती हळद त्यानं माझ्यावर थापली, चोळीवर थापली, लुगड्यावर थापली, तीन वेळा फू फू केलं आणि म्हणला, ‘‘झाला बरा.’’ आणि बसला प्यायला. त्याचं काय चुकलं सांगा? तो पडला, खरचटलं, की आजी हेच करायची.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या. ‘‘हे कोणाचं पोर हाय गं माय,’’ म्हणल्या. मी म्हणले, ‘‘तुमचं.’’

शेवटचा उपाय म्हणून माझ्या भावाला बोलावलं. माझं माहेर राजूरकडं. त्याला म्हणलं, घेऊन जा, गणपती दाखव, पेढे खाऊ घाल, पंधरा दिवस ठेवून घे. दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं भाऊ परत. शर्टाची दोन बटणं गेलेली, मनगटाला दाताचे वण. पोराला ओट्यावर ठेवलं आणि हात जोडून म्हणला, ‘‘ताई, हे तुझं रत्न. मी लग्नाचा हाय अजून.’’ चहा सुद्धा घेतला न्हाई त्यानं.

गावात हसू व्हायला लागलं. अप्पारावांची सून आडावर मोठ्यानं म्हणली, ‘‘चतुराबाईचा लिंब गोड झाला वाटतं आवंदा.’’ जालन्याला जायचं म्हणून तिनं कपडे पण शिवायला टाकलेत असं कानावर आलं. जी बाई पुढच्या आठवड्यात आपलं लेकरू तोडून घेणार होती, ती परस्पर मंठ्याच्या डॉक्टरला विचारून आली. आत्याबाईंनी आडावर जायचं सोडलं.

मे महिन्याची चार तारीख उजाडली. चार दिवस राह्यले. मी मनाशी ठरवून टाकलं, वहीचं पान फाडलं आणि अर्ज लिहायला बसले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, शाई पसरत होती.

‘‘काय लिव्हती?’’ आत्याबाईंनी विचारलं.

‘‘येत न्हाई म्हणून कळवते.’’

‘‘वाचून दाखव.’’

मी वाचलं, ‘‘माझे मूल लहान असून ते अंगावर पीत असल्यामुळे मी प्रशिक्षणास हजर राहू शकत नाही.’’

‘‘खोटं हाय ते,’’ आत्याबाई म्हणल्या. ‘‘खरं लिव्ह. माझी सासू हरली म्हणून मी येत न्हाई, आसं लिव्ह.’’

मी पेन खाली ठेवला.

‘‘न्हाई लिव्हत? मंग फाड ते.’’ त्यांनी स्वतःच कागद ओढला आणि फाडला. ‘‘पोरगं तुटत न्हाई तर न तुटो. तुही नौकरी काऊन तुटावी? मी येते त्याला घेऊन जालन्याला. माझी मावसबहीण द्वारका हाय ना तिथं, जुन्या जालन्यात. तिच्या घरी राहीन मी. सुट्टी झाली की बाहीर येऊन पाजत जा.’’

‘‘आणि म्हैस?’’

‘‘म्हैस किसन पाह्यील. त्याला आईला विचारल्याबिगर धार काढता येती का न्हाई ते तरी कळंल.’’

ज्या बाईनं जन्मात मंठ्याच्या पलीकडं मुक्काम केला न्हाई, तिनं दोन लुगडी, एक गोधडी आणि भाकरीचं पीठ बांधलं. मंठ्याच्या स्टँडवर गावातल्या दोघी भेटल्याच. ‘‘काय चतुराबाई, नातवापुढं हात टेकले म्हणं?’’ आत्याबाई म्हणल्या, ‘‘टेकले न्हाई गं, नातवाचा हात धरून जालना पाहाया चालले. तुमच्या नातवानं कधी नेलं का?’’ वरून ठसका, पण गाडीत बसल्यावर बराच वेळ त्या खिडकीबाहेरच पाहत होत्या. त्यांना लागलं होतं ते. मला माहीत हाय.

ट्रेनिंगच्या जागेला मोठं लोखंडी फाटक आणि फाटकासमोर रस्त्याच्या कडेला गुलमोहर. दुपारी एकला जेवणाची सुट्टी, संध्याकाळी पाचला चहाची. मी डबा सोडून पळत बाहेर यायचे. गुलमोहराखाली आत्याबाई नातवाला घेऊन बसलेल्या असायच्या, त्या रस्त्याच्या बाजूला पदर पसरून धरायच्या आणि राजेभाऊंचा पाडवा साजरा व्हायचा. चौथ्या दिवशी आमच्या मॅडमनी पाह्यलं. मोठ्या कडक बाई, चष्म्यातून बघितलं तरी पाठ झालेलं विसरायला व्हायचं. ‘‘हे काय चाललंय इथं? मूल आणायचं नाही हे पत्रात वाचलं नव्हतं का?’’

मी पदर सावरत उठायला लागले. आत्याबाई मात्र जागच्या हलल्या न्हाईत. ‘‘मॅडम, तुमच्या वर्गात भिंतीवर तो रंगीत तक्ता हाय ना, खिडकीतून दिसतो मला? त्याच्यात जे चाललंय, तेच इथं चाललंय.’’

तक्ता खरंच होता. एक बाई लेकराला पाजतेय आणि खाली मोठ्या अक्षरात ‘आईचे दूध’. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. पाठमोऱ्या झाल्या, त्यांचे खांदे हलताना दिसले मला. ‘‘फाटकाच्या आत आणायचं नाही,’’ एवढंच म्हणल्या आणि गेल्या.

पुढं श्रावणात राजेभाऊनं आपलं आपणच सोडलं, हे सांगून टाकते, न्हाईतर तुम्ही तेच विचाराल. एक दिवस मागितलं न्हाई, दुसऱ्या दिवशी मागितलं न्हाई, तिसऱ्या दिवशी आमच्या ध्यानात आलं. गावात आत्याबाई ‘‘म्याच तोडलं’’ म्हणून सांगतात आणि मी मान हलवते. पण मला सांगायचा हाय तो परीक्षेचा दिवस.

परीक्षा शेवटच्या दिवशी होती. लेखी परीक्षा, अकरा ते तीन, मधी बाहेर सोडणार न्हाईत. आदल्या संध्याकाळीच आत्याबाईंना सांगितलं की उद्या एकला मी येणार न्हाई, त्याला घरीच ठेवा. पण राजेभाऊला घड्याळ कळत होतं. एक वाजला आणि फाटकाकडून आवाज आला. आधी नुसतं कुरकुरणं, मंग भोकाड. ‘‘आईऽऽ! पाडवाऽऽ!’’ हॉलमधल्या साठ बायांनी माना वर केल्या. माझ्यापुढं प्रश्न होता, बाळाला वरचा आहार केव्हा व कसा सुरू करावा, पाच गुण. मला उत्तर तोंडपाठ होतं आणि पेन चालत नव्हता. चोळी भिजली. मी पदर ओढून घेतला, वही छातीशी धरली, तरी भिजतच राह्यली. तो आता टिपेला पोचला होता, श्वास अडकत होता मधी मधी. मी अर्धी उठले. मॅडमनी माझ्याकडं पाह्यलं. बाहेर गेले असते तर परत आत यायचं नव्हतं, एवढं मला समजत होतं. उठले तर नौकरी गेली, बसले तर लेकरू. माझ्यासारखी नालायक आई जगात न्हाई असं वाटलं.

आणि एकाएकी आवाज थांबला. हळूहळू न्हाई, मधीच तुटल्यासारखा.

मंग तर मी जास्तीच घाबरले. रडून रडून बेशुद्ध पडला का? आत्याबाई त्याला घेऊन निघून गेल्या का? पण उन्हात इतक्या लवकर आवाज लांब कसा जाईल? मी कान लावून लावून ऐकत होते आणि हात आपोआप लिहीत होता. त्या पेपरात मी काय लिहिलं ते आजही आठवत न्हाई. नंबर पहिला आला.

तीनची घंटा झाली. मी पेपर टेबलावर टाकला, चपला हातात घेतल्या आणि पळाले.

आत्याबाई गुलमोहराखाली रस्त्याकडं पाठ करून बसल्या होत्या. पदर डोक्यावरून पार खालपर्यंत ओढलेला. मी वळसा घालून पुढं गेले तर त्या दचकल्या, पदर घट्ट धरला, आणि लाजल्या. माझी सासू लाजलेली मी पहिल्यांदा पाह्यली. पदराखाली राजेभाऊ त्यांच्या अंगाला तोंड लावून झोपला होता. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, शेवटचं लेकरू पाजून विसाच्या वर वर्षं झालेली, सगळं सुकून गेलेलं.

‘‘काय करू गं,’’ त्या हळूच म्हणल्या. ‘‘घरी राह्यलाच न्हाई, फाटकापाशी घेऊन चल म्हणून हातपाय आपटाया लागला. गूळ दिला, फेकून दिला. तू आवाज ऐकून पेपर टाकून येतीस का काय, मला धडकी भरली. मंग लावला अंगाला. येत तर काई न्हाई, पण गप झाला. गावात सांगू नको बरं का.’’

मी खाली मातीतच बसले.

‘‘तुह्या नवऱ्याला मी नऊ महिन्याचा तोडला,’’ त्या रस्त्याकडं बघत म्हणल्या. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं, कोणालाच सांगितलं नव्हतं. ‘‘बाहत्तरच्या दुष्काळात. रस्त्याच्या कामावर मुकादम लेकरू आणू देत नव्हता. एका दिवसात तोडला. तीन दिवस वरडला, आवाज बसला त्याचा. मी तिकडं खडी फोडत व्हते आन् चोळी भिजत व्हती. पालाबिला तव्हाच शिकले मी. मंग लोकं म्हणाया लागले, चतुराबाईचा हात चांगला हाय.’’ त्यांनी राजेभाऊच्या कपाळावरचा घाम पुसला. ‘‘तव्हा माह्यासाठी आसं कोणी झाडाखाली लेकरू घेऊन बसलं आसतं, तर म्या कशाला तोडलं आसतं त्याला?’’

मी भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले.

‘‘पेपर कसा गेला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘चांगला.’’

‘‘मंग रडती काऊन? ऊठ, पदर घे नीट आन् धर याला. मी कुठवर फसवू?’’

त्यांनी आपल्या हातानं त्याला उचलून माझ्या अंगाला लावला. तो जागा झाला न्हाई, डोळे मिटूनच प्यायला लागला, घटाघटा, दोन्ही मुठी आवळून. आत्याबाई उठल्या, आपली चोळी नीट केली, आणि आमच्यावर ऊन येऊ नये म्हणून पदर धरून उभ्या राह्यल्या.